गळ्यातलं पागोटं

आमच्या घरात सकाळी पहिला आवाज व्हायचा तो स्टोव्हचा नाही, पाण्याचा. भाऊ, म्हणजे माझे वडील, मागच्या मोरीत फोटोंचे कागद धूत असायचे. नळाची बारीक धार, पत्र्याच्या ट्रेवर तिचा टपटप आवाज, आणि त्यातच आईच्या जात्याची घरघर. धुळ्याच्या त्या दोन खोल्यांत पुढची खोली स्टुडिओ आणि मागची खोली संसार. मधे एक काळा पडदा. पडद्याच्या पलीकडे रंगवलेला राजवाडा, कुंडी आणि एक खुर्ची. अलीकडे कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, तेलात परतलेला कांदा आणि फोटो धुण्याच्या हायपोचा आंबट वास. तो वास आमच्या कपड्यांना, अंथरुणाला, माझ्या पुस्तकांनाही लागलेला असे. कॉलेजात शेजारी बसणाऱ्या मुली नाक वर करून विचारायच्या, "काय गं, औषधाचं दुकान आहे का तुमचं?" मी हो म्हणून मोकळी व्हायची.

भाऊंनी शेती सोडून फोटोचा धंदा धरला होता. पांझरेच्या काठावरच्या गावात आमची थोडी जमीन होती, ती त्यांचे थोरले भाऊ, आमचे नाना, करायचे. दोघा भावांत वाटणी झाली नव्हती आणि भांडणही नव्हतं. नाना बाजाराच्या दिवशी धुळ्याला आले की स्टुडिओतल्या खुर्चीत कधी बसत नसत, पडद्याजवळ जमिनीवर बसायचे. "त्या खुर्चीमा बसनू तं माले वाटस मन्हा फोटो निंघी जाई," असं म्हणून हसायचे. फोटो काढून घ्यायला त्यांचा ठाम नकार असे. डोक्यावर पांढरं पागोटं, वर्षानुवर्षं धुऊन मलमलीसारखं मऊ पडलेलं. नवं पागोटं त्यांच्याकडे होतं, पण ते कानाला चावतं अशी त्यांची तक्रार. पागोट्याशिवाय त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. काकूनं तरी पाहिलं होतं की नाही कोण जाणे.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा भाऊंचा उजवा खांदा गेला. एका लग्नात मांडवाच्या बाजूला रचलेल्या बाकांवर चढून ते फोटो घेत होते, बाक सरकला. हाड बसवलं, पण हात छातीच्या वर जाईना. बसल्या जागी स्टुडिओतले फोटो ते काढू शकत होते, पण आमचं घर चालायचं ते बाहेरच्या कामांवर: लग्नं, मुंजी, साखरपुडे. त्यासाठी मोठा कॅमेरा गळ्यात अडकवून, बाजूला फ्लॅशची दांडी आणि खांद्याला बॅटरीची पेटी घेऊन तासन्‌तास उभं राहावं लागे. आमचा कॅमेरा दोन भिंगांचा, एकाखाली एक. तो डोळ्याला लावायचा नसतो. पोटाशी धरायचा आणि वरून काचेत वाकून बघायचं. वजन असं की दिवसभर गळ्यात घातला तर संध्याकाळी मान वळत नसे.

मी म्हटलं, "भाऊ, मी करते बाहेरची कामं." लहानपणापासून पडद्याआड वाढले होते. फोकस, प्रकाश, रीळ भरणं, सगळं येत होतं. भाऊंनी आपल्या खांद्याकडे पाहिलं. आई मात्र म्हणाली, "पोरगी वरातीपुढे कॅमेरा घेऊन चालणार? लोक नवरी बघतील की हिला?" आईचं बोलणं दुष्टपणाचं नव्हतं, तिला खरोखरच ते चित्र डोळ्यांपुढे आणता येत नव्हतं. त्या वर्षी आमच्या गल्लीत सायकल चालवणारी मुलगीसुद्धा नव्हती. शेवटी भाऊंनी सांगितलं, "एक काम करून दाखव. हललेला फोटो एकही नको. जमलं तर ठीक, नाही तर दिवाळीनंतर कॅमेरा विकतो आणि नानासोबत शेतावर जातो." शेतावर जायचं म्हणजे सगळ्यांनीच जायचं. गावाहून कॉलेजला रोज येण्याची सोय नव्हती. माझं बी.ए. त्या एका वाक्यात लोंबकळत होतं, आणि आमच्या घराण्यात तोवर मॅट्रिकच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं.

पण मला आधी जी गोष्ट आडवी आली ती लोकांची नजर नव्हती. ती होती कॅमेऱ्याचा पट्टा. मूळचा पट्टा अरुंद चामड्याचा, जागोजागी तडकलेला. भाऊ शर्टाच्या कॉलरवरून तो घालायचे. माझ्या पोलक्याला कॉलर कुठली? उघड्या मानेवर तो दोरीसारखा काचायचा. अर्ध्या तासात लाल वळ, तासाभरात कातडं निघायचं. खांद्यावर घ्यावा तर पदरावरून घसरायचा. आणि या कॅमेऱ्याला पट्टा नुसता लटकवण्यापुरता नसतो, हे बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. पोटाशी धरलेला कॅमेरा दोन्ही हातांनी खाली दाबायचा, मानेतून पट्टा ताठ ओढला जातो, आणि त्या ताणावर कॅमेरा स्थिर राहतो. पट्टा ढिला किंवा लांबीला चुकीचा असेल तर फोटो हललाच म्हणून समजा. म्हणजे पट्टा मऊ हवा, रुंद हवा, ताणला तर वाढायला नको, घसरायला नको, आणि दोन्ही बाजूंच्या बारीक कड्यांत घट्ट बसायला हवा. गाठ सुटली तर कॅमेरा फुटला, आणि कॅमेरा म्हणजे घराचं पोट.

मग घरात पट्ट्याचे प्रयोग सुरू झाले. भाऊ खरा कॅमेरा प्रयोगाला देत नसत. कळशी अर्धी भरून तिच्या गळ्याला पट्टा बांधायचे, माझ्या मानेत अडकवायचे आणि म्हणायचे, "चल, विहिरीपर्यंत जाऊन ये." पाणी सांडलं की पट्टा नापास. गल्लीतल्या बायका दारात येऊन उभ्या राहायच्या. "काय हो, पोरीला पाण्याला पाठवायचं तर डोक्यावर द्या की, गळ्यात काय बांधता?" पहिल्यांदा सायकलच्या ट्यूबची पट्टी झाली, ती मऊ होती, पण कळशी वरखाली उड्या मारायची आणि माझं पोलकं भिजून जायचं. मग खाटेची नवार. ती मजबूत, पण तिच्या कडा करवतीसारख्या. मग आईनं, आता तीही नकळत यात ओढली गेली होती, जुन्या लुगड्याचे थर घालून गोधडीच्या टाक्यांनी एक जाड पट्टा शिवला. दिसायला देखणा, मानेला अगदी उशीसारखा. पण जाड असल्यामुळे कड्यांत जाईना, आणि टोकाला बारीक केलेलं शिवण कळशीच्या वजनानं उसवलं. कळशी दगडावर पडून तिला पोचा आला. ती पोचा आलेली कळशी माझ्याकडे अजून आहे. सुना ती भंगारात द्यायला निघतात आणि मी अडवते.

अशातच पोळा आला आणि आम्ही गावी गेलो. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी. ज्या खांद्यांवर वर्षभर जू असतं ते खांदे त्या दिवशी शेकायचे, तुपात हळद कालवून चोळायचे. नाना हे काम कोणाला करू देत नसत. ओट्यासमोर बैल उभे, गरम पाण्याची बादली, पितळी वाटीत पिवळं तूप, आणि नाना एकेका बैलाशी हळू आवाजात बोलत त्याचा खांदा चोळतायत. बैलही डोळे अर्धे मिटून मान खाली घालायचे. आत काकू उद्याच्या पुरणाची डाळ निवडत होती. मी वाटी धरून नानांच्या बाजूला उभी होते. त्यांनी तूप घ्यायला मान वळवली आणि ते थबकले.

"सुमी, तुना गयाले काय व्हयनं व?"

"काही नही नाना. कॅमेराना पट्टा काचस."

नाना जवळ आले, वाकून त्यांनी वळ नीट पाहिला. बैलाचा खांदा बघतात तसाच. "बैलना खांदा असा व्हयना तं मी त्याले जुपत नही. तुले कोन जुपी राहिनं?"

नानांचा मुलगा गोविंदा, तो त्यांना आबा म्हणायचा, गोठ्यातून ओरडला, "आबा, तिले पन झूल घाला!"

"तू चूप बस," नाना म्हणाले. मग मला म्हणाले, "ऊभी राय. हालू नको. बठ्ठा बैल व्हयनात, आते तुना नंबर." आणि वाटीतलं हळदीचं तूप त्यांनी दोन बोटांनी माझ्या मानेवर, त्या वळावर, फार हलक्या हातानं लावलं. गोविंदा हसून लोटपोट झाला. काकू दारात येऊन म्हणाली, "काय हाई! पोरले बैलनी लाइनमा उभी करी." मीही हसले. पण ते कोमट तूप लागलं तेव्हा मला एकदम रडू येण्यासारखं झालं. तोवर सगळ्यांनी पट्टा बरोबर आहे का ते पाहिलं होतं, मानेकडे कोणी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पोळा फुटल्यावर नाना मला गोठ्यात घेऊन गेले. खुंटीवर हौशाचा पट्टा टांगलेला होता. हौशा हा त्यांचा आवडता बैल, म्हातारा होऊन गेला होता. पोळ्याला त्याच्या गळ्यात घुंगरांचा रुंद चामडी पट्टा असायचा. हौशा गेल्यापासून तो पट्टा त्यांनी दुसऱ्या कुठल्या बैलाला घातला नव्हता. मला वाटलं, नुसता दाखवायला आणलं. पण नानांनी तो खाली घेतला, मांडीवर ठेवला आणि एकेक घुंगरू काढायला सुरुवात केली. घुंगरं शेजारी बसलेल्या काकूच्या ओच्यात पडत होती. मग तो पट्टा गावातल्या जोडे शिवणाऱ्याकडून त्यांनी टोकांना निमुळता करून घेतला, आतून जुन्या घोंगडीची मऊ पडलेली पट्टी लावली, तेल पाजलं, दोन पितळी आकडे बसवले. धुळ्याला कळशी बांधून मी विहिरीपर्यंत जाऊन आले. पाण्याचा थेंब सांडला नाही. भाऊंनी पहिल्यांदाच खरा कॅमेरा त्या पट्ट्याला लावला आणि माझ्या गळ्यात घातला. मानेला वजन जाणवलं, काच जाणवला नाही. भाऊ म्हणाले, "हा पट्टा आता तू म्हातारी होईपर्यंत जाणार नाही."

आणि लगेच कामही आलं. जळगावला एक मारवाडी जैन कुटुंब होतं, कापसाच्या व्यापारातलं. त्यांची मुलगी धुळ्याला आमच्या गल्लीच्या तोंडाशी दिलेली, त्यामुळे भाऊ त्यांच्या ओळखीचे. त्या घरच्या थोरल्या आजी, सगळे त्यांना दादीसा म्हणायचे, पर्युषणात आठ दिवसांचा कडक उपवास करून उठणार होत्या. नुसत्या उकळलेल्या पाण्यावर आठ दिवस, त्याही वयात. मंदिरात दर्शन, तिथून त्यांची मिरवणूक, मग घरी पारणं. घरच्यांना फोटो हवे होते. अडचण अशी की दादीसांनी जन्मात फोटो काढू दिला नव्हता. परक्या पुरुषासमोर त्यांचा घुंघट कधी वर गेला नव्हता. त्यांच्या मुलीनं येऊन विचारलं, "भाऊ, तुमची सुमन येईल का? बाई असेल तर आई घुंघट वर करेन म्हणते." भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. तेच ते एक काम.

मी एकटी जाणं शक्य नव्हतं, भाऊंना प्रवास झेपत नव्हता, म्हणून नाना सोबत आले. पहाटेची एसटी, पारोळ्याला चहा, एरंडोलला गाडीत चढलेल्या बायकांच्या टोपल्या. पेटी नानांनी मांडीवर घेतली होती आणि कंडक्टरनं ती वर ठेवायला सांगितली तेव्हा, "यामा वीज शे भाऊ, वर ठेवशी तं गाडी पेटी जाई," असं इतक्या गंभीरपणे सांगितलं की कंडक्टर पुढच्या सीटकडे निघून गेला. मी सारखी पट्ट्याचे आकडे चाचपत होते.

दादीसांचा थोरला मुलगा म्हणजे शेठजी, त्यांच्या घरापर्यंत मिरवणूक जायची होती, पण त्याआधी दर्शनाला सगळे मंदिराच्या आवारात जमले होते. बायकांची गाणी चाललेली, केशरी साड्या, बॅन्डवाले बाहेर चाचणी करतायत. आवाराच्या पायरीशी नानांनी आपल्या वहाणा काढल्या, मी चपला काढल्या, आणि मी आत पाऊल टाकणार इतक्यात शेठजींची थोरली सून कमलाबाई पुढे आली. बोलायला फार गोड बाई. "सुमनताई, या या. पण... हा पट्टा चामड्याचा आहे का हो?"

मी हो म्हटलं. तिचा चेहरा उतरला. "चामडं आत चालत नाही. आणि दादीसांचं तप आहे, त्यांच्याजवळही नाही चालायचं. आमचंच चुकलं, आधी सांगायला हवं होतं."

चुकलं कोणाचंच नव्हतं. तिच्या घरात चामड्याची वस्तू पुढे नेणं कोणाच्या मनातही येणार नाही, त्यामुळे ते सांगावं असं तिला सुचलं नाही. आमच्या घरात बैलाच्या गळ्यातल्या पट्ट्याइतकी शुभ वस्तू दुसरी नव्हती. मी नानांकडे बघू शकले नाही. मला वाटलं, हौशाच्या पट्ट्याला कोणी अपवित्र म्हटलं तर हे आता काय करतील? पण नाना स्वतःच पुढे झाले. माझ्या मानेतून त्यांनी पट्टा काढला, कॅमेरा माझ्या हातात दिला, पट्टा गुंडाळून आपल्या वहाणांशेजारी नाही, जरा बाजूला, पायरीच्या कोपऱ्यात स्वच्छ जागी ठेवला. कमलाबाईला म्हणाले, "तुमना देवना नियम शे. बरोबर शे."

मग शेठजींचा धाकटा भाऊ आला आणि त्यानं कॅमेऱ्यावर बोट ठेवलं. "आणि हे काळं? हे पण चामडंच ना?" मी कॅमेरा फिरवून पाहिला. मग आठवलं, मूळचं आवरण पोपडे येऊन निघालं होतं आणि भाऊंनीच ते काढून रेक्झिन चिकटवलं होतं. मी तसं सांगितलं. त्यानं नखानं जरा खरवडून पाहिलं आणि मान डोलावली.

कॅमेरा आत गेला, पण हातात धरून. फ्लॅशची दांडी, पेटी आणि चालत्या बग्गीपुढे उलटं चालत फोटो घेणं, हे पट्ट्याशिवाय होणारं काम नव्हतं. हललेला फोटो एकही नको, भाऊंचा आवाज कानात. कमलाबाईनं साडी आणू का, ओढणी आणू का विचारलं. सगळं रेशमी, जरीचं, हातात धरलं की सरकणारं. बाहेर बॅन्ड सुरू झाला. "बग्गी आली, बग्गी आली," कोणीतरी ओरडलं.

नाना पायरीवर उकिडवे बसलेले होते. त्यांनी दोन्ही हात वर नेले आणि पागोटं काढलं.

मला आधी कळलंच नाही ते काय करतायत. त्यांचं डोकं मी पहिल्यांदा पाहत होते. पांढरं, अगदी लहान वाटणारं, कपाळावर रेघ मारल्यासारखा उन्हाचा रंग संपलेला. आमच्याकडे मंगल कार्यात बोडक्या डोक्यानं उभं राहणं म्हणजे घरात कोणी गेल्यासारखं. आणि इथे आवारात गावातली सारी प्रतिष्ठित माणसं रंगीत साफे बांधून उभी होती. मी म्हटलं, "नाना, नको. लोके हासतीन." ते म्हणाले, "हासू दे. नाडा मांग त्या बाईकडे, बारीक."

कमलाबाई धावत गेली आणि कोणाच्या तरी लेंग्याचा कोरा नाडा घेऊन आली, सोबत नाडा ओवायची काडीही. "कॅमेऱ्याला नाडा!" धाकटे शेठ हसले. नाना म्हणाले, "नाडा चांगला पाहिजे शेठ. लेंगाना सुटना तं एकनी लाज जाई, हाऊ सुटना तं बठ्ठासनी." पायरीवर बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तेवढ्यात नानांचे हात चालू होते. कॅमेऱ्याच्या बारीक कड्यांतून नाड्याचे दुहेरी फास ओवले. पागोट्याची मधली बाजू घडीवर घडी घालून रुंद आणि जाड केली, टोकं पिळून बारीक. मग पायरीच्या कोपऱ्यात ठेवलेल्या हौशाच्या पट्ट्याशेजारी पागोटं धरून, त्याला न शिवता, लांबी मापली. माप सापडल्यावर फासातून टोक घालून गाठ मारली. ओढ बसेल तशी घट्ट होणारी, बैलाच्या दाव्याला मारतात ती. दोन्ही हातांनी झटका देऊन पाहिलं आणि पागोटं माझ्या गळ्यात घातलं.

मी कॅमेरा पोटाशी घेऊन खाली दाबला. मानेवर मऊ कापडाचा थर बसला, त्याला नानांच्या डोक्याची ऊब अजून होती, तंबाखूचा आणि खोबरेल तेलाचा वास होता. काचेत चित्र हललं नाही.

ती मिरवणूक मी आयुष्यात विसरणार नाही, पण तिचं वर्णन मला करता येणार नाही, कारण मी ती सगळी काचेतच पाहिली, डावं उजवं उलटं झालेली. रस्त्यावरची पोरं ओरडत होती, "ए बाई फोटोवाली!" कोणी म्हणालं, "गळ्यात काय गं, लंगोट का?" मी मागे मागे चालत होते आणि माझ्या पाठीशी नाना होते. माझ्या कोपराला हलकेच धरून, खड्डा आला की "हां," पायरी आली की "हां हां," एवढंच बोलत. उघड्या डोक्यानं ते जळगावच्या भर बाजारातून चालत गेले.

दादीसा बग्गीत होत्या तोवर त्यांचा घुंघट हनुवटीपर्यंत होता. घरी पारण्याच्या वेळी पाटावर बसल्या, सुनांनी चांदीच्या वाटीत मुगाचं पाणी आणलं, आणि कमलाबाईनं घुंघट मागे केला. आत मी होते, बायका होत्या, शेठजी आणि त्यांचे भाऊ होते. नाना दाराबाहेर ओसरीत, पाठ करून उभे. दादीसांचा चेहरा उपवासानं कागदासारखा झालेला, पण डोळे जागे. कॅमेऱ्यापुढे मात्र त्या दगड झाल्या. मी म्हटलं, "दादीसा, जरा इकडं बघा." त्यांनी पाहिलं, आणि आणखीच आवळल्या. रिळात थोडीच चित्रं उरली होती. असा ताठ चेहरा घेऊन धुळ्याला जायचं का, असं मला होऊन गेलं.

त्याच वेळी शेठजींचं लक्ष ओसरीकडे गेलं. घरी आलेला वडीलधारा माणूस बोडका उभा आहे, हे त्यांना सहन होईना. ते स्वतः आतून जरीचा केशरी साफा घेऊन आले, नानांच्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाले, "नाना, हे आमच्याकडून. डोकं झाका."

नानांनी हात जोडले. "तुमनं मन मोठं शे शेठ. पन मन्हं पागोटं आठेच शे, पोरना गयाम्हा. ते उतरंल नही तोवर दुसरं कसं बांधू? डोकं एक, पागोटं दोन. लोके म्हनतीन, उपास कया दादीसानी, फय मियनं नानाले."

आतून खळखळून हसण्याचा आवाज आला. दादीसा हसत होत्या. आठ दिवसांच्या उपवासानं कोरड्या पडलेल्या गळ्यानं, वाटी हातात तशीच धरून, मान मागे टाकून. मी कॅमेरा खाली दाबला, पागोटं ताणलं गेलं, आणि बटण दाबलं. हसू थांबल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं, गळ्यातल्या कापडाला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "बेटी, असा बाप कोणाला मिळतो?" मी म्हटलं, "वडील नाहीत, काका आहेत." त्या म्हणाल्या, "तेच म्हणते मी."

शेवटचं चित्र मी ओसरीत येऊन घेतलं. नाना बेसावध होते, खांबाला टेकून बाहेरची पोरं बघत होते. बटणाचा आवाज ऐकून वळले आणि म्हणाले, "निंघी गया का आखिर?"

धुळ्याला दुसऱ्या दिवशी रीळ धुऊन वाळलं आणि दुपारी खिडक्यांना घोंगड्या लावून, लाल दिव्याखाली भाऊंनी आणि मी चित्रं कागदावर उतरवली. भाऊ डाव्या हातानं ट्रे हलवत होते. औषधाच्या पाण्यात एकेक चित्र उमटत गेलं. बग्गी, आवार, वाटी. भाऊ भिंग लावून प्रत्येकाची कड बघत होते, देवळाच्या कळसाची, बॅन्डवाल्याच्या बटणाची. दादीसांचं हसू उमटलं तेव्हा ते बराच वेळ वाकून राहिले. मग ओसरीतलं चित्र आलं. भाऊंच्या हातातला चिमटा थांबला.

"नानानं पागोटं कथं गयं?"

मी सांगितलं. पट्टा, पायरी, नाडा, सगळं. भाऊंनी कागद पाण्यातून काढला, दोरीला लावला, आणि चिमटा जागेवर ठेवून हात पुसत राहिले. हात कोरडे झाले होते तरी पुसत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "एरंडोलला साखरपुडा आहे दिवाळीनंतर. तूच जा." कॅमेरा विकायची गोष्ट त्या घरात पुन्हा निघाली नाही. मी बी.ए. झाले, पुढे स्टुडिओ चालवला, धाकट्या भावंडांची शिक्षणं केली. त्यात ज्यांची मदत झाली त्यांची नावं घ्यायची तर रात्र पुरणार नाही, पण पहिलं नाव कोणाचं, हे मला कधी शोधावं लागलं नाही.

हौशाचा पट्टा मी खूप वर्षं वापरला. देवळात, जैन साधूंच्या उपाश्रयात जायचं असलं तर आईनं सुती पट्टा शिवून दिला होता, या वेळी टोकांना नाडा लावूनच. पागोटं नानांनी जळगावच्या स्टँडवरच मागून घेतलं होतं. गाठी सोडल्या, झटकलं आणि बाकावर बसून डोक्याला बांधलं. नाडा बांधला होता तिथे कापडाला चुण्या पडल्या होत्या, त्या नेमक्या कपाळावर आल्या. मी म्हटलं, "नाना, ती बाजू आत घ्या." म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

हल्ली माझा नातू गळ्यात काहीच न अडकवता फोटो काढतो, एका बोटानं. मी त्याला काही सांगायला जात नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी मात्र माझी मान आपोआप ताठ होते.

जळगावच्या त्या कामानंतर, पुढच्या वर्षी खांदमळणीला मी गावी होते. बैल झाले, शेवटचा गोऱ्हाही झाला. वाटीत थोडं पिवळं तूप उरलं होतं. नानांनी माझ्याकडे पाहिलं आणि बोटं वाटीत घातली. मी मान पुढे करून दाखवली. वळ गेला होता, कातडं साफ होतं.

"नाना, आते काहीच लागेल नही शे."

"लागेल नही," तूप चोळता चोळता ते म्हणाले, "पन वझं तं शे ना."